अर्धी मिशी आणि निळे ड्रम

नाव: ओळखपत्रावरून वेगळे उतरवून घेतले आहे. सगळी गल्ली ‘मामा’ म्हणते.
वय: चोपन्न वर्षे.
धंदा: दाढी-कटिंगचे दुकान.
राहणार: विहिरीची गल्ली, वळणावर, दुकानाच्याच माडीवर.

समक्ष विचारल्यावरून जबाब देतो की, मी वरील ठिकाणी बायकोसह राहतो. दुकान वडिलांच्या वेळेपासूनचं आहे. त्यात एक खुर्ची, एक आरसा आणि वाट बघणाऱ्यांसाठी एक बाक, एवढंच सामान आहे. माझ्या स्वतःच्या डोक्यावर एकही केस नाही. हे लिहायची गरज नाही असं मी म्हणालो होतो, पण हवालदारसाहेबांनी ‘ओळखीची खूण’ म्हणून लिहून घेतलं आहे. साहेब स्वतः माझ्याकडेच कटिंगला येतात, हे मात्र लिहायचं नाही असं ते म्हणाले. मी सांगितलं, लिहा, आहे ते आहे.

मला मामा का म्हणतात असं विचारलं असता सांगतो की, माझ्या बहिणीची मुलगी लहानपणापासून आमच्या घरी वाढली. ती मामा म्हणायची, म्हणून शेजारी म्हणायला लागले, मग गिऱ्हाइकं म्हणायला लागली. ही भाची आता उच्च न्यायालयात वकिली करते. आमच्या घराण्यात कोर्टाची पायरी चढलेली ती पहिलीच.

पूरकचरा उचलणाऱ्या ठेकेदारांनी माझ्याविरुद्ध तक्रार दिली आहे की, मी त्यांच्या ट्रक-ड्रायव्हरला दुकानात डांबून ठेवलं आणि पुराच्या आपत्तीत सरकारी कामात अडथळा आणला. ती तक्रार मला वाचून दाखवण्यात आली. ऐकताना मला हसू आलं, त्याबद्दल साहेबांनी समज दिली. आता घडलं ते, जसं घडलं तसं सांगतो.

गेल्या महिन्यात नदी गल्लीत आली. पाणी दुकानातल्या आरशाच्या वर गेलं होतं. खुर्ची वाचली, कारण ती जमिनीला बोल्ट मारून बसवलेली आहे. घड्याळ वाचलं नाही. त्यामुळे या जबाबात ‘किती वाजता’ असं जिथे जिथे विचारलं, तिथे मला उत्तर देता आलेलं नाही. साहेब वैतागले, पण नदीने घड्याळ मला विचारून नेलेलं नाही.

पूर ओसरला तेव्हा गल्लीत गुडघाभर चिखल होता आणि नळाच्या लाइनी फुटल्या होत्या. पाणी राहिलं ते गल्लीच्या टोकाच्या विहिरीचं. उकळून उकळून सगळे तेच प्यायला लागलो. तरी कावीळ आलीच. शाळेचा दवाखाना केला. माझी बायको तिसरीच्या वर्गात, फळ्याखालच्या खाटेवर आहे. डोळे पिवळे झाले होते, आता उतारावर आहेत. आवाजाला मात्र काही झालेलं नाही. तिसरीच्या वर्गातून बोलली तर पहिलीच्या वर्गातल्या पेशंटला ऐकू येते.

नगरपालिकेच्या दारावर आपत्ती आदेश लागला होता. चिखल, मोडकं सामान, पूरकचरा जिथे मोकळी जागा असेल तिथे ताबडतोब टाकायचा. नेहमीच्या परवानग्या नकोत, लोकांच्या हरकती ऐकत बसायचं नाही. आदेशाबद्दल माझी तक्रार नाही. चिखल सडत होता, माश्या घोंघावत होत्या, आणि तेव्हा जर कोणी सुनावण्या घेत बसलं असतं तर आम्हीच त्याला धरून हलवलं असतं. त्या आदेशाखाली पहिला ट्रक आला त्याला गल्लीने चहा पाजला.

तोच हा ट्रक आणि तेच हे ड्रायव्हर. त्यांना गल्लीत ‘मिशीवाले’ म्हणतात. मिशी अशी की दोन्ही टोकं गालांवरून वर वळलेली, आणि बोलताना माणूस डोळ्यांकडे न बघता मिशीकडेच बघतो. गेला महिनाभर ते रोज येत होते, चिखल भरून नेत होते, दुकानाच्या बाकावर बसून चहा घेत होते. मी एकदा म्हणालो, “जरा टोकं सारखी करून देऊ का?” तर म्हणाले, “मामा, या मिशीला आजवर कोणाचा हात लागलेला नाही. ट्रकच्या आरशात बघून माझी मीच करतो.” मी विषय सोडून दिला. धंदेवाईक माणसाला असं ऐकून जरा लागतं, पण सोडून दिला.

चार दिवसांपूर्वी ते चहाला आले तेव्हा त्यांच्या हाताला निळे डाग होते. मी माझा साबण दिला, गरम पाणी दिलं, ब्रशने घासलं. डाग गेले नाहीत, उलट कातडी लाल झाली. विचारलं तेव्हा कळलं की रंगाच्या कारखान्याचं गोदाम पुरात बुडालं होतं. तिथले निळे ड्रम ठेकेदारांनी ‘पूरकचरा’ म्हणून उचलले होते आणि ते आमच्या गल्लीमागच्या जुन्या खड्ड्यात टाकायचे होते. हा खड्डा पूर्वी विटांच्या मातीसाठी खणलेला. तो वर आहे आणि विहीर त्याच्या खालच्या अंगाला. ड्रमांची झाकणं गंजलेली, काही गळत होते. “उद्या सकाळी टाकायचेत,” ड्रायव्हर म्हणाले आणि चहा अर्धा टाकून उठले.

हे मी बायकोला जाऊन सांगितलं. ती खाटेवर उठून बसली. म्हणाली, “म्हणजे मी इथे बरी व्हायला पाणी पितेय आणि हे लोक त्यात रंग कालवतायत? फोन द्या इकडे.” तिने भाचीला फोन लावला. भाचीने रात्रीतून अर्ज तयार केला, आणि त्यावर पहिलं नाव माझ्या बायकोचं घातलं. बायकोच्या आवाजामुळे ही बातमी रात्रीतच सगळ्या गल्लीला कळली. तेव्हापासून ती माझ्याशी बोलताना म्हणते, “नीट बोला, मी अर्जदार क्रमांक एक आहे.”

भाचीने मला वेगळा फोन केला. ती म्हणाली, “मामा, उद्या सकाळी कोर्ट उघडल्याबरोबर पहिलंच प्रकरण आपलं आहे. पण एक लक्षात ठेव. ड्रम एकदा खड्ड्यात पडले की कोर्ट भरपाई देऊ शकेल, ते पाणी परत देऊ शकणार नाही.” मी म्हटलं, “मी काय करू?” ती म्हणाली, “काही करू नकोस. ट्रकसमोर आडवं पडायचं नाही, मारामारी करायची नाही, कायदा हातात घ्यायचा नाही. मी बघते.” मी तिला शब्द दिला. तो मी पाळला आहे. माझ्या हातात फक्त वस्तरा होता.

सकाळी दुकान उघडून मी फोन आरशाला टेकवून, पावडरच्या डब्याच्या आधाराने उभा केला, कारण भाचीने सुनावणी बघायला जोडणी करून दिली होती. तशीच तिने तिच्या मामीच्या, म्हणजे माझ्या बायकोच्या, फोनलाही दिली होती. कोर्टाचं काम अजून सुरू व्हायचं होतं. एवढ्यात ट्रक आला. ड्रमांनी भरलेला, वर ताडपत्री. ट्रक दुकानासमोर थांबला. त्याचं तोंड बाहेरच्या रस्त्याकडे होतं. मला वाटलं, मागे घेत घेत खड्ड्यापाशी नेणार असतील.

ड्रायव्हर खाली उतरले, सरळ आत आले आणि खुर्चीत बसले. किल्ली शर्टाच्या खिशात टाकली. म्हणाले, “मामा, मिशी काढायची.”

मी म्हटलं, “टोकं?”

“सगळी.”

“सगळी?” मी दोनदा विचारलं. साहेब, वस्तरा हातात घेतल्यापासून मी इतका गोंधळलो नव्हतो.

“सगळी. पण घाई नको,” ते म्हणाले आणि मान मागे टेकली.

मी त्यांच्या गळ्याला कापड बांधलं. इथे आमच्या धंद्याची एक रीत सांगणं भाग आहे. गळ्याला कापड बांधलं की गिऱ्हाईक दुकानाचं. मग त्याला बाहेरून कोणी हाक मारायची नाही, ओढायचं नाही, त्याच्याशी हिशेबाचं भांडण काढायचं नाही. वस्तरा गळ्याजवळ असतो, म्हणून ही रीत पडलेली आहे. वडिलांच्या वेळेला दोन भाऊबंद जमिनीवरून एकमेकांच्या जिवावर उठले होते, पण एकाला कापड बांधलं होतं तोवर दुसरा गपगुमान बाकावर बसून राहिला.

फेस लावला. डावी बाजू काढली. मिशी खाली पडली तेव्हा मलाच कसंतरी झालं, ते मात्र आरशात बघत शांत होते. आणि तेव्हा माझ्या डोक्यात कल्पना आली. आता जर मी थांबलो, तर हा माणूस अर्ध्या मिशीने बाहेर पडेल का? कुठला पडतोय! आणि तो बाहेर पडला नाही तर ट्रक हलणार नाही, आणि ट्रक हलला नाही तर ड्रम पडणार नाहीत. ही कल्पना माझी एकट्याची होती, कोणाच्या सांगण्यावरून केलेली नाही, असं मी साहेबांना आधीच सांगून टाकलं. साहेब म्हणाले, “मामा, तुम्ही स्वतःच स्वतःला अडकवताय.” मी म्हटलं, “खरं ते लिहा.”

म्हणून मी वस्तऱ्याला धार लावायला घेतली. चामड्याच्या पट्ट्यावर इकडून तिकडे, तिकडून इकडे. इतकी धार लावली की वस्तऱ्याने मनातल्या मनात शिव्या दिल्या असतील. एरवी गिऱ्हाईक दोन मिनिटं थांबलं की चुळबुळ करतं. हे गृहस्थ डोळे मिटून बसले होते. एकदा म्हणाले, “मामा, फेस वाळला, पुन्हा लावा.” मी लावला. थोड्या वेळाने पुन्हा तेच. मी पुन्हा लावला आणि मनात म्हटलं, बरा सापडलाय, भोळा आहे बिचारा.

कापडाखाली त्यांचा फोन थरथरत होता. ते म्हणाले, “राहू द्या, हात आत आहेत.” मग गाडी येऊन थांबली आणि ठेकेदार दारात उभे राहिले. त्यांच्या नाकावर राग होता. म्हणाले, “अरे, ट्रक इथे आणि तू काय करतोयस? उठ!”

ड्रायव्हरनी खुर्ची त्यांच्याकडे वळवायला सांगितली, म्हणून मी वळवली. ते म्हणाले, “असा उठू?”

ठेकेदारांनी तोंड बघितलं आणि त्यांनाही एकदम हसू फुटलं. ते त्यांनी लगेच गिळलं. मग माझ्यावर आले. “काय चालवलंयस? उरक की लवकर!”

मी म्हणालो, “साहेब, मिशी आहे, गवत नाही.”

“मग किल्ली दे, दुसरा कोणीतरी चालवेल,” ते ड्रायव्हरला म्हणाले. किल्ली खिशात आणि खिसा कापडाखाली. ठेकेदार हात पुढे करायला लागले तेव्हा मी एवढंच म्हणालो की कापड बांधलेलं आहे. माझ्या एका हातात पट्टा आणि दुसऱ्या हातात वस्तरा होता हे खरं आहे. पण ते माझ्या हातात रोजच असतात. मी धमकी दिली नाही, आवाज चढवला नाही. ठेकेदार दोन पावलं मागे सरले ते त्यांच्या मनाने. दार सताड उघडं होतं. आमच्या दाराला कडीच उरलेली नाही, ती पुरात गेली, आणि हे पंचनाम्यात आलेलं आहे.

ठेकेदार ट्रकपाशी जाऊन कोणाला तरी फोनवर म्हणाले, “हो हो, टाकले. सकाळीच टाकून झाले. सांगून द्या तसं.” हे मी दारात उभं राहून स्वतःच्या कानांनी ऐकलं. ड्रम माझ्या डोळ्यांसमोर ताडपत्रीखाली होते आणि हा माणूस टाकले म्हणून सांगत होता. मी आत येऊन खुर्ची पुन्हा आरशाकडे वळवली, तर आरशाला टेकवलेला फोन बोलायला लागला होता. सुनावणी सुरू झाली होती.

आता माझ्या हातून झालेली चूक सांगतो. भाचीने बजावलं होतं की फक्त बघायचं, आपला कॅमेरा आणि आवाज बंद ठेवायचा. मी बंद केला असं मला वाटलं. पण तो फोन मी आरशाला टेकवून ठेवला होता, म्हणजे त्याचं तोंड खुर्चीकडे. आणि आमच्या धंद्यात आरशाला टेकवलेलं काहीही असलं तरी त्याच्या समोर गिऱ्हाईक येणारच. थोडक्यात, उच्च न्यायालयात सरकारी वकील, माझी भाची, आणि तिसऱ्या चौकटीत फेसाने माखलेले, अर्ध्या मिशीचे ड्रायव्हर असे सगळे हजर होते. मला हे माहीत नव्हतं.

सरकारी वकील आधी बोलले. ते चांगलं बोलले, त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही. म्हणाले की, रोगराई पसरलेली आहे, सडका कचरा तातडीने हलवणं हेही लोकांच्या आरोग्यासाठीच आहे, आणि आपत्ती कायदा अशाच वेळेसाठी केलेला आहे. प्रत्येक टोपलीमागे सुनावणी घेत बसलो तर माणसं मरतील. मग म्हणाले, “शिवाय आत्ताच आलेल्या माहितीप्रमाणे ते ड्रम आज सकाळीच टाकून झाले आहेत. आता थांबवण्यासारखं काही उरलेलं नाही. अर्ज निकाली काढावा.”

भाची कागद उगाच खालीवर करायला लागली. ती लहानपणापासून अशी चाळवाचाळव करायला लागली की मला कळतं, रडू आवरतेय. तिच्याकडे पुरावा काही नव्हता. माझा हात पट्ट्यावर थांबला.

आणि खुर्चीतून आवाज आला, “साहेब, खोटं आहे. ड्रम माझ्या गाडीत आहेत.”

मग न्यायाधीश म्हणाले, “हे कोण आहेत?”

ड्रायव्हर म्हणाले, “मीच तो ट्रक चालवतो, साहेब. ड्रम अजून खाली उतरलेले नाहीत. मी इथे न्हाव्याकडे बसलोय.”

“कामावर असताना?”

“मिशी जड झाली होती, साहेब.”

न्यायाधीश हसले का ते सांगता येत नाही, त्यांनी तोंडासमोर कागद धरला होता. भाचीने मात्र कपाळावर हात मारून घेतला, कारण मागे मी वस्तरा घेऊन उभा असलेला तिला दिसलो. न्यायाधीशांनी ट्रक दाखवायला सांगितला. मी फोन उचलून दाराशी नेला, ताडपत्री दाखवली, ड्रम दाखवले, आणि शेजारी ठेकेदार उभे होते तेही आपोआप दिसले. त्यांच्या हातातला फोन अजून कानालाच होता. सरकारी वकिलांनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाले की, आपल्याला मिळालेली माहिती चुकीची होती, ती आपण मागे घेतो. माणूस सरळ होता.

इतक्यात दुसऱ्या फोनवरून एक आवाज सगळ्या कोर्टात घुमला. “बघा! मी म्हणत होते ना!” न्यायाधीशांनी विचारलं, हे कोण? भाची खालमानेने म्हणाली, “अर्जदार क्रमांक एक.” तीही आवाज बंद करायला विसरली होती. नवरा-बायको शेवटी सारखेच.

न्यायाधीशांनी तिला विचारलं, “बाई, पाणी कुठलं पिता?”

“त्याच विहिरीचं, साहेब. शाळेत आम्ही सगळेच पितो. उकळून पितो. पण उकळून जंतू जातात, रंग नाही जात. ड्रायव्हरभाऊंचे हात बघा, महिनाभर धुतले तरी जायचे नाहीत.”

ड्रायव्हरनी कापडाखालून हात बाहेर काढून कॅमेऱ्यापुढे धरले.

न्यायाधीशांनी हुकूम सांगितला. भाचीने मला तो नंतर समजावून दिला, तसा सांगतो. ते म्हणाले की, आपत्तीत सरकारला हात मोकळे लागतात हे कोर्टाला मान्य आहे, म्हणून चिखल काढायचं काम एक क्षणही थांबवायचं नाही. पण आपत्ती आली म्हणून राज्यघटना रजेवर जात नाही. जगण्याच्या हक्कात पिण्याचं पाणी येतं, आणि आजारी माणसाचं पाणी सगळ्यात आधी येतं. ड्रममध्ये काय आहे ते ज्याने आणले त्याने दाखवायचं. पिणाऱ्याने पिऊन सिद्ध करायचं नाही. म्हणून ड्रम आजच्या आज कारखान्याच्या आवारात, छपराखाली, उंच ओट्यावर परत जावेत. प्रदूषणवाल्यांनी ड्रमही तपासावेत आणि विहीरही. अहवाल येईपर्यंत शाळेला टँकरचं पाणी द्यावं. रसायनाचं काहीही टाकण्याआधी, आपत्ती असो वा नसो, गल्लीचं म्हणणं ऐकावं. आणि ड्रम हाताळणाऱ्या प्रत्येकाला हातमोजे द्यावेत, डॉक्टरांकडून तपासून घ्यावं.

तिसरीच्या वर्गात टाळ्या वाजल्या त्या मला फोन नसता तरी ऐकू आल्या असत्या. मला स्वतःला काय वाटलं असं विचारलं असता सांगतो की, मी फेसाची वाटी हातात घेऊन खाली बसलो. गेले कित्येक दिवस बायको पाण्याचा पेला तोंडाला लावायची आणि मी तिच्या घशाकडे बघत राहायचो. ते बघणं त्या दिवशी संपलं. आनंदच झाला, साहेब, दुसरं काय.

साहेबांनी यावर विचारलं की, हे सगळं ठीक, पण मामा, तुम्हीच कबूल करताय की अर्धी मिशी ठेवून माणसाला बसवलं. अर्ध्या मिशीने माणूस बाहेर पडणार कसा? म्हणजे डांबल्यासारखंच झालं ना?

त्याचं उत्तर असं की, माझाही तोच समज होता. सुनावणी संपली तेव्हा मी स्वतःवर खूश होतो. म्हटलं, एका वस्तऱ्याने अख्खा ट्रक अडवला, वडील असते तर पाठ थोपटली असती. मी उठलो, वस्तरा पुसला आणि म्हणालो, “चला, आता दुसरी बाजू उरकून टाकू, तुम्हाला फार वेळ अडकवलं.”

ड्रायव्हरनी गळ्याचं कापड स्वतःच्या हाताने सोडलं. गाठ मागे असते, पण त्यांचा हात बरोबर गाठीवर गेला. त्यांनी फेस पुसला, आरशात पाहिलं, उरलेलं उजवं टोक वर वळवलं आणि खिशातून किल्ली काढली. म्हणाले, “आधी ड्रम परत ठेवून येतो.”

मी म्हटलं, “अहो, असे?”

“असाच,” ते म्हणाले.

मी केस रंगवताना वापरतो ते हातमोजे त्यांना दिले. कोर्टाचा हातमोज्यांचा हुकूम या गावात सगळ्यात आधी माझ्या दुकानाने पाळला, हे कृपया लिहून घ्यावं. ते ट्रकमध्ये चढले. ट्रकचं तोंड बाहेरच्या रस्त्याकडे होतंच, मागे घ्यावा लागला नाही. काच पूर्ण खाली केली, कोपर बाहेर काढला, आणि त्या अर्ध्या मिशीने ते गल्लीतून गेले, भर बाजारातून गेले, नगरपालिकेसमोरून गेले. पोरंबाळं मागे धावत होती. शाळेपुढे त्यांनी हॉर्न वाजवला आणि खिडकीतल्या बायकांना हात केला.

माझ्या बायकोचा लगेच फोन आला. “अहो, तुमच्या दुकानातून असं अर्धवट काम बाहेर पडलं? लाज नाही वाटत?” वळणावर मी उभा होतो आणि ट्रक दिसेनासा होईपर्यंत बघत होतो. ज्या माणसाला मी भोळा म्हटलं होतं, तो ज्या मिशीला कोणाचा हात लागू देत नव्हता ती माझ्या वस्तऱ्याखाली देऊन, फेस वाळू न देता, डोळे मिटून बसला होता. आणि मी समजत होतो, मीच त्याला बसवलं.

म्हणून सांगतो की, सदर ड्रायव्हरना मी डांबून ठेवलेलं नाही. अर्ध्या मिशीला लाजून न उठणारा माणूस तीच मिशी घेऊन भर बाजारातून जात नाही. ते जेवढा वेळ बसले, तेवढा वेळ स्वतःच्या मनाने बसले. ठेकेदारांनी त्यांना त्याच दिवशी कामावरून काढलं, आणि शाळेच्या टँकरला ड्रायव्हर हवा होता म्हणून नगरपालिकेने दुसऱ्या दिवशी ठेवून घेतलं. ते आत्ता चौकीबाहेरच्या बाकावर साक्षीसाठी बसलेले आहेत. त्यांची उजवी मिशी अजून तशीच आहे, कारण साहेबांनी पंचनाम्यात ‘मिशी, उजव्या बाजूची, एक’ अशी नोंद करून तिला हात लावू नये असं सांगितलं होतं. तो पंचनामा आता पूर्ण झालेला आहे. तरी उरलेलं काम पुरं करण्याची मला परवानगी मिळावी, ही विनंती. अर्धं काम दुकानाबाहेर फिरतंय, याने मला झोप नाही.

हा जबाब हवालदारसाहेबांनी मला मोठ्याने, सावकाश वाचून दाखवला. दार उघडं असल्याने तो बाहेर बाकावरही ऐकू गेला. तो माझ्या सांगण्याप्रमाणेच लिहिलेला आहे. डोक्याच्या केसांबद्दलचा मजकूर वगळावा असं मी पुन्हा सुचवलं, ते मान्य झालं नाही. मिशीबद्दलची परवानगी मात्र साहेबांनी तिथल्या तिथे दिली. मी खिडकीतून हाक मारली की, चला, आत्ताच दुकानात जाऊ, दुसरी बाजू उरकू. त्यावर बाहेरून जे उत्तर आलं तेही माझ्या विनंतीवरून इथे नोंदवलं आहे:

“घाई नको, मामा.”

सही: मामा
समक्ष: जबाब लिहून घेणारे हवालदार